काळ्या बोटांचं सोनं

आश्विनातलं ऊन वाईच्या खोऱ्यात पायरीपायरीनं उतरतं. आधी पाचगणीच्या पठाराची कड उजळते. मग पसरणीच्या घाटाची वळणं एकेक करून सोनेरी होतात. सगळ्यांत शेवटी कृष्णेकाठच्या हळदीच्या शेतांत, रुंद हिरव्या पानांवर, ते येऊन विसावतं. धुकं तेवढं पहाटेपुरतं येतं आणि घाईतल्या पाहुण्यासारखं चहा न घेताच निघून जातं.

त्या घाटाची नागमोडी, नीलश्यामल रेषा कुमुदिनी शेंडेला तोंडपाठ होती. कन्याशाळेत ती भूगोल शिकवायची. फळ्यावर डोंगर काढायचा झाला की तिचा खडू आपोआप पसरणीचा घाट चढू लागायचा. उजवं वळण, डावं वळण, पुन्हा उजवं. वर्ग बदलले, मुली बदलल्या, मुलींच्या मुली येऊन त्याच बाकांवर बसल्या. रेषा तीच राहिली. त्या रेषेवरून ती स्वतः मात्र नेहमी एसटीच्या खिडकीतूनच गेली.

शाळेत ती जायची सायकलवर. काळी, करकरणारी, पुढं टोपली लावलेली लेडीज सायकल. सायकल तिची, पण सायकलीचा कारभार नवऱ्याचा. दिगंबर बँकेतून निवृत्त झाला होता, पण घरात त्याची पदवी वेगळीच होती: घरचा विश्वकर्मा. नळ गळो, मिक्सर रुसो, पंखा कुरकुरो, अवजारांची पेटी उघडून तो मांडी घालून बसलाच म्हणून समजा. सायकलची चेन सैल झाल्याचं कुमुदिनीला कळायच्या आधी ती घट्ट झालेली असायची. मोठा प्रेमळ माणूस. इतका प्रेमळ, की एवढ्या संसारात बायकोच्या हाती पाना म्हणून कधी येऊ दिला नाही.

आणि या बाईनं, निवृत्ती तोंडावर आली असताना, रोड बाइक मागवली. सडपातळ टायरांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची, रस्त्यावरून वाऱ्यासारखी पळणारी. कशासाठी, तर पसरणीचा घाट चढण्यासाठी. खडूनं जन्मभर चढला, आता पायांनी चढायचा.

दिगंबर धास्तावला. नाही म्हणण्याची त्याची छाती नव्हती. म्हणून त्यानं एक अट घातली.

"घाटात चेन पडली, चाक निसटलं, तर मी काय पळत येणार आहे मागून? ती सायकल खोक्यातून सुटीसुटी येते म्हणे. तुझ्या हातानं जुळली, तर खुशाल घाट चढ. नाही जुळली, तर बाजारापर्यंत."

"कबूल," कुमुदिनी म्हणाली. "पण तुम्ही हात लावायचा नाही. आणि बोलायचंसुद्धा नाही."

जुळली तर घाट. नाही तर बाजार. असा तह झाला.

अष्टमीच्या दुपारी खोकं आलं. अंगणात पारिजातकाखाली ते उभं राहिलं, उंच, अबोल, पुठ्ठ्याचं. कुमुदिनीनं पदर खोचला. सुरीनं चिकटपट्टी कापली आणि झाकण उघडलं, तशी आतून मोरपंखी रंगाची एक लकेर बाहेर आली आणि अंगणभर झाली.

मोरपंखी! सांजेच्या आभाळाचा तो शेवटचा रंग. निळ्यात हिरवा हरवलेला, हिरव्यात निळा सापडलेला. एक सांगाडा, कृश आणि डौलदार. केबलींना लोंबकळणारं हँडल. एक चाक जागेवर, दुसरं बाजूला बांधलेलं, त्याच्या मधोमध भोकाभोकांची चकचकीत पोलादी चकती. आसन, आसनाची दांडी, दोन पॅडल, आणि एका पिशवीत बोटाएवढ्या किल्ल्या: वाकवलेल्या, षट्कोनी, काळ्या. एलन की म्हणतात त्यांना. कुमुदिनीनं सगळं जुन्या साडीवर मांडलं आणि नुसती बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा तिच्यापुढं एक सुटी वस्तू होती आणि ती जुळवणारं दुसरं कुणी नव्हतं.

सोबतच्या पुस्तिकेत शब्द फारसे नव्हते. नुसती चित्रं, बाण आणि आकडे. नकाशे वाचणाऱ्या बाईनं त्याला भिऊ नये. पण ती भ्याली. बाण उलटा वाचला गेला, हँडल पाठमोरं बसलं, केबलींना पीळ पडला. सायकल मान मुरगाळलेल्या बगळ्यासारखी दिसायला लागली. सगळं सोडवलं, पुन्हा बसवलं.

दिगंबर उंबऱ्यावर बसला होता. मांडीवर झेंडूची रास, हातात सुई-दोरा. दसऱ्याचं तोरण ओवायचं काम बायकोनं मुद्दाम त्याच्याकडं दिलं होतं. फुलं ओवता ओवता त्याचे हात शिवशिवत. तिनं बोल्ट तिरका धरला की याची मान तिरकी होई. तिची चावी घसरली की याच्या सुईला बोट सापडे. तोरणात कुठं चार फुलं एकत्र दाटली, कुठं नुसताच दोरा राहिला. तोंडातून मात्र अक्षर नाही. तह म्हणजे तह.

दांडी बसली. आसन बसलं. पुढचं चाक चिमट्यात अलगद सरकलं आणि चकती ब्रेकच्या फटीत, दोन पॅडांच्या मधोमध, बरोबर जाऊन उभी राहिली. उजवं पॅडल सरसर फिरत आत गेलं. कुमुदिनीच्या ओठांवर हसू आलं.

डावं पॅडल जाईना.

तिनं फिरवलं; बाहेर आलं. दाबून फिरवलं, तिरकं झालं. पुसून फिरवलं, फुंकर मारून फिरवलं, एकदा तर रागावून फिरवलं. पॅडल हटून बसलं. ऊन पारिजातकाच्या शेंड्यावर गेलं, अंगणात सावली पसरली, आणि उंबऱ्यावरून 'च्' असा एक बारीक आवाज आला.

"बोलायचं नाही!" कुमुदिनी मान न वळवता म्हणाली.

"बोललो कुठं? फूल टोचलं."

"फूल टोचत नसतं."

तिनं उजवं पॅडल पुन्हा काढलं. दोन्ही पॅडल दोन हातांत घेतली आणि उरल्यासुरल्या उजेडात डोळ्यांजवळ धरली. खिळ्यांवरचे आटे चमकत होते; बारीक, वळत वळत चढत जाणारे, डोंगराला वेढा घालणाऱ्या रस्त्यासारखे. घाटच तो. लोखंडाचा, करंगळीएवढा घाट. उजव्या पॅडलवरचा रस्ता उजवीकडं चढत होता. आणि डाव्यावरचा? तो डावीकडं.

डोंगर एकसारखे, वाटा उलट्या! अहो, हे तर ती वर्षानुवर्षं मुलींना सांगत आली होती: रस्ता डोंगराच्या मनानं वळतो, आपल्या नाही. तिनं डावं पॅडल जागेवर ठेवलं आणि उलटं फिरवलं. ते गेलं. लोण्यात बोट जावं तसं गेलं. कुमुदिनी उठून उभी राहिली आणि काळे झालेले दोन्ही हात कमरेवर ठेवून, एवढी मोठी बाई, मोठ्यानं हसली.

मग तिनं उजवं पॅडल परत बसवलं, ब्रेकची दोरी ताणली, हँडलवरची ब्रेकची घोडी दाबली. फिरतं चाक जागच्या जागी थांबलं. फिरवलं, दाबलं, थांबलं. सांजेच्या अंगणात मोरपंखी सायकल दोन चाकांवर उभी होती. दिगंबर उंबऱ्यावरून उठला, तिच्याभोवती एक फेरी मारली, हात पाठीशी बांधूनच. त्या रात्री त्यानं आपणहून भांडी घासली.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. ज्या अवजारांनी वर्षभर साथ दिली त्यांना पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. अवजारांची ती वर्षातली एकुलती एक सुट्टी. शेंड्यांच्या घरी पाटावर दरवर्षी दिगंबरची पेटी रिकामी व्हायची: हातोडी, पकड, पाने, करवत. कुमुदिनीची म्हणून एक विळी कोपऱ्यात.

या वर्षी दिगंबरनं पाट मांडला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"तुझ्या त्या चाव्या दे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आजच्या दिवशी कारागिराची अवजारं पाटावर नकोत?"

कारागीर! कडाकण्या तळता तळता कुमुदिनीचा झारा क्षणभर हवेतच राहिला. तिला शाळेत आदर्श शिक्षिकेची शाल मिळाली होती, तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या काळ्या, वाकड्या, बोटभर चाव्या दिगंबरनं पाटाच्या मधोमध ठेवल्या. आपली हातोडी बाजूला सरकवून.

आणि इथंच त्या भल्या माणसाच्या भक्तीला भरतं आलं. घरात नवं वाहन आलेलं. त्याची पूजा साधीसुधी कशी व्हावी? कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, हे जाणकाराला ठाऊक. म्हणून त्यानं वाटीत समईतलं तेल घेतलं, त्यात कुंकू खललं, आणि त्या लाल, लखलखत्या लेपानं सायकलच्या अंगावर स्वस्तिक काढलं. हँडलला बोटं लावली. आसनाला लावली. मग त्याची नजर पुढच्या चाकाच्या मधोमध गेली. ती गोल, रुपेरी, भोकाभोकांची चकती! जणू कुंकवासाठीच कुणीतरी कपाळ करून ठेवलेलं. दिगंबरनं पाचही बोटं भरून लेप घेतला, चकतीला टेकवला, आणि सगळीकडं सारखा लागावा म्हणून चाक हळूच फिरवलं.

आरती झाली. नैवेद्य झाला. अवजारं निजली. कुमुदिनीनं सायकल फाटकापर्यंत नुसती ढकलत नेली आणि सवय म्हणून पुढच्या ब्रेकची घोडी दाबली.

चाक चालतच राहिलं.

तिनं पुन्हा दाबली, सगळी बोटं आवळून. चाक गुळगुळीत, निःशब्द, बेपर्वा सरकत राहिलं आणि फाटकावर जाऊन आदळलं. काल थांबत होतं ते आज थांबेना. म्हणजे आपल्याच हातात काही चुकलं. तिच्या डोळ्यांपुढं घाटाची वळणं आली. चढायला पाय पुरतात. उतरायला ब्रेक लागतो. तिला रडू आलं. सांगायला काय हरकत आहे, आलं.

दिगंबर जवळ आला. त्यानं चकतीकडं पाहिलं, मग आपल्या बोटांकडं. बोटं अजून लाल होती.

"कुमुद," तो म्हणाला, "मीच लावलं. तेलातलं कुंकू. ब्रेकला."

हे त्याला लपवता आलं असतं. बायको स्वतःला दोष देत होती, अट त्याच्या बाजूनं फिरली होती, सायकल बाजारापुरतीच राहिली असती आणि त्याची धास्ती मिटली असती. पण दिगंबर शेंडे तसा माणूस नव्हता. लाल बोटं पुढं धरून तो शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

"थांब, मी चाव्या आणतो पाटावरच्या," तो घाईघाईनं म्हणाला. "आत्ता उघडून पुसून टाकू. देव काही रागवायचा नाही."

कुमुदिनीनं डोळे पुसले.

"देव नाही रागवायचा. पण आज त्यांची सुट्टी आहे हो. वर्षभर राबतात बिचारी." आणि पुढं म्हणाली, "उद्या उचलू. म्हणजे, मी उचलीन."

नवमीची दुपार लांबली, संध्याकाळ त्याहून लांबली. पाटावर चाव्या झेंडूखाली निवांत पहुडल्या होत्या. अंगणात कुंकवानं नटलेली सायकल उभी होती, लग्नघरच्या नवरीसारखी, आणि पाऊल टाकायला असमर्थ. कुमुदिनी तिच्याजवळ पायरीवर बसून राहिली. हातात काही नव्हतं, म्हणून ती मनानं उलगडत गेली. आधी चाक निघेल. मग ब्रेकच्या पोटातला बारीक बोल्ट. मग दोन पॅड, बाहेर, हलकेच. काल जे बाणांचं बोट धरून जोडलं होतं, ते आज डोळे मिटून सुटं होत होतं. पुस्तिका आत कपाटात राहिली. तिची आठवणही झाली नाही.

दसऱ्याची पहाट धुक्यातून उगवली. अक्षता वाहून दिगंबरनं पूजा उतरवली. पाटावरून पहिली वस्तू उचलली ती कुमुदिनीनं. हळद लागलेली, झेंडूची पाकळी चिकटलेली ती चावी.

आणि मग अंगणात जे झालं ते दिगंबर नुसतं बघत राहिला. हात आता अडखळत नव्हते. चाक सुटलं. बोल्ट फिरला. तेलानं माखलेले इवलेसे दोन पॅड तिच्या तळहातावर आले. "पॉलिश पेपर," ती म्हणाली. त्यानं धावत जाऊन पेटीतून आणला. "स्पिरिट." त्यानं औषधाच्या डब्यातून आणलं. "चाक धरा. तिरकं नको, सरळ." त्यानं सरळ धरलं. घरचा विश्वकर्मा त्या सकाळी कंपाउंडर झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

तिनं पॅड घासले, पुन्हा घासले, कोरा रंग वर येईपर्यंत घासले. चकती पुसली. फडक्यावर लाली उतरली, मग गुलाबी, मग काहीच नाही. पुन्हा सगळं जुळवलं. सायकल अंगणातून पळवली आणि घोडी दाबली. ब्रेक असा किंचाळला की पारिजातकावरचे बुलबुल उडाले. पुन्हा पळवली, पुन्हा दाबली. किंचाळणं कुरकुरीवर आलं, कुरकूर कुजबुजीवर. चाक थांबू लागलं. ठाम, ठसठशीत थांबू लागलं.

"मला बघू दे," दिगंबर म्हणाला. तिनं घोडी आवळून धरली. त्यानं मागून आसनाला दोन्ही हात लावले, पाय रोवले आणि सगळ्या देहाचा भार घालून ढकललं. चेहरा लाल झाला.

"हलत नाही गं," तो धापा टाकत म्हणाला.

त्याच्या आवाजात हार होती आणि तिच्याइतकाच अभिमानही होता. कुमुदिनीला दोन्ही ऐकू आलं.

दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी माणसं सीमोल्लंघनाला निघतात. शीव ओलांडायची, आपट्याची पानं आणायची, सोनं म्हणून वाटायची. त्या दुपारी वाईची माणसं पायी निघाली, मोटारीनं निघाली; आणि भूगोलाच्या शेंडेबाई मोरपंखी सायकलवरून निघाल्या. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात पंजाबी ड्रेस, पायांत पांढरे बूट. दिगंबर फाटकाशी उभा राहून हात हलवत राहिला. ती वळणाआड गेली, तरी हात हलतच होता.

हळदीची शेतं मागं पडली. गावाची शीव आली आणि चाकाखालून गेली. चढ सुरू झाला. उजवं वळण, डावं वळण, पुन्हा उजवं. खडूनं हे वळण किती सहज घेतलं होतं! इथं छाती भात्यासारखी चालू लागली, पोटऱ्या जळू लागल्या. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा चढली. एका तीव्र चढावर गिअर बदलताना खट्ट आवाज झाला आणि पाय एकाएकी रिकामे फिरले.

चेन पडली होती.

डोंगर शांत होता. खालून कुणी पळत येणार नव्हतं. कुमुदिनी उतरली, सायकल कठड्याला टेकवली, गुडघ्यावर बसली. चेन दोन बोटांत धरली, ढील दिली, दात्यांवर टेकवली आणि पॅडल हातानं मागं फिरवलं. कडी कडीत बसत गेली. एवढंच. एवढंच तर होतं सगळं!

मोठ्या वळणावर ती पोहोचली तेव्हा ऊन मवाळ झालं होतं. पहिल्याच दिवशी माथ्याची हाव नव्हती. वळणाशी एक आपटा होता. जोडपानं हलवत, पोपटी, प्रसन्न. त्याखाली उभी राहून तिनं खाली पाहिलं. कृष्णेची झळाळती कड, हळदीचे हिरवे तुकडे, बोटभर दिसणारं गाव. आणि तिच्या पायापासून सुटून, वळत, लपत, पुन्हा उगवत खाली गेलेली ती रेषा. या खेपेला ती फळ्यावर नव्हती. तिच्या मागं पडलेली, तिनं चढून आलेली, तिची होती.

तिनं मोजकीच पानं तोडली आणि उतार धरला. वारा कानांत घुमू लागला, डोंगर दोन्ही बाजूंनी धावू लागला. पहिलं तीव्र वळण अंगावर आलं. तिनं बोटं हलकेच आवळली. मोरपंखी सायकल शहाण्या गाईसारखी मंदावली, वळली, पुढं निघाली. पुन्हा वळण, पुन्हा बोटं. उभा घाट तिच्या बोटांत आला होता.

दिवेलागणीला ती अंगणात उतरली. दिगंबर फाटकाशीच होता. गेला तरी होता कुठं? तिनं खिशातून पानं काढून त्याच्या हातात दिली. सोनं देताना बोलायचे ठरलेले शब्द दोघांनाही आठवले नाहीत. त्यानं पानं दिव्याकडं धरली. कोवळ्या हिरव्या पानावर एक काळा, ग्रीसचा, स्पष्ट ठसा होता. बोटाच्या रेघांसकट.

"चेन पडली होती?" त्यानं विचारलं.

"पडली होती."

"मग?"

"मग काय. बसवली."

त्यानं ते पान पुसलं नाही. आत नेऊन देवापुढं ठेवलं, चाव्यांशेजारी. त्या संध्याकाळी वाईत घरोघरी सोनं वाटलं गेलं. हिरवं, कोवळं, सगळं एकसारखं. शेंड्यांच्या घरच्या सोन्यावर मात्र बोटाचा काळा ठसा होता, आणि तो कुमुदिनीचा होता.